परतीची वाट बुजली तेव्हा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनमध्ये ठरावीक काळाने एक निवडणूक होत असे. तिच्यातले उमेदवार लहान मुले असत. वय वाढले तरी बोलायला न लागलेली, शाळेने परत पाठवलेली, घरच्यांना सांभाळणे अवघड झालेली मुले. मतदार म्हणजे एका धर्मादाय संस्थेचे वर्गणीदार. ज्याची वर्गणी मोठी त्याची मते जास्त. आईबाप आणि त्यांचे हितचिंतक मुलाची हकीकत कार्डावर छापून या वर्गणीदारांकडे पाठवत, ओळखीपाळखी काढून मते मागत. पुरेशी मते पडली की मुलाला ‘नॅशनल असायलम फॉर इडियट्स’ या संस्थेत जागा मिळे. ज्यांना मते कमी पडत, ती मुले पुढच्या खेपेला पुन्हा उभी राहत.

मुलाच्या दुबळेपणाची अशी जाहिरात करावी लागणे क्रूर होते. पण त्या पद्धतीत एक गोष्ट होती, जी पुढे शंभर वर्षे कुठेच राहिली नाही. मिळालेली जागा पाच वर्षांची होती. मुलाने यायचे, शिकायचे आणि घरी परतायचे, असा करार होता. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांसाठी ब्रिटनने पुढे ज्या संस्था उभारल्या, त्यांचा इतिहास म्हणजे हा करार कसा मोडला आणि तो पुन्हा जोडायला किती पिढ्या खर्ची पडल्या, याचा इतिहास आहे. तो आपणही वाचायला हवा, कारण त्या संस्थांमागचे कायदे आणि विचार आपल्या देशातही पोहोचले होते.

अर्ल्सवुडची शाळा

ही संस्था काढण्यामागे दोन माणसे होती. ॲन सेरेना प्लंब या बाईंनी या मुलांचे हाल पाहिले आणि अनेक अनाथालये उभारलेल्या रेव्हरंड अँड्र्यू रीड यांच्या मागे त्या लागल्या. तोपर्यंत गरिबाघरच्या अशा मुलाला एक तर घराच्या कोपऱ्यात जागा असे, नाहीतर वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात अन्न देणाऱ्या सरकारी घरात. काही जण तर वेड्यांच्या इस्पितळात किंवा तुरुंगात पोहोचत. पण युरोपात नवे वारे वाहत होते. पॅरिसमध्ये एद्वार सेगँ हे अशा मुलांना हात, डोळे, कान यांच्या सरावातून शिकवत होते. मूल जन्मतः कमी असले तरी ते शिकू शकते, हा त्या काळात नवाच विचार होता. रीड यांनी त्याचा ध्यास घेतला. १८४७ मध्ये संस्था स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी हायगेटच्या एका घरात पहिली मुले आली. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी सरे परगण्यातल्या अर्ल्सवुड इथे नव्या इमारतीची कोनशिला बसवली. १८५५ मध्ये ती त्यांच्याच हस्ते खुली झाली.

१८५८ मध्ये अर्ल्सवुडचा कारभार एका जेमतेम तिशीच्या डॉक्टरकडे आला. त्याचे नाव जॉन लँग्डन डाउन. त्याच्या आधी इथली व्यवस्था ढासळली होती. डाउनने मुलांना मारायला बंदी घातली, अन्न आणि स्वच्छता सुधारली, सुतारकाम, चपला शिवणे, शेतकाम, संगीत असे शिक्षण लावले. मुलांना काट्याचमच्याने जेवायला, दुकानात जाऊन खरेदी करायला शिकवले जाई. १८६६ मध्ये त्याने एका ठरावीक ठेवणीच्या मुलांचे वर्णन करणारा निबंध लिहिला. त्याच अवस्थेला आज आपण डाउन सिंड्रोम म्हणतो. त्या निबंधात त्याने मुलांची वर्गवारी मानववंशांच्या नावाने केली होती, आणि तो भाग शास्त्राच्या कसोटीवर साफ चुकीचा होता. पण मुलांना माणूस म्हणून वागवण्याची त्याची रीत खरी होती. त्याने १८६८ मध्ये अर्ल्सवुड सोडले आणि पत्नी मेरी हिच्यासह टेडिंग्टनजवळ ‘नॉर्मन्सफील्ड’ नावाची स्वतःची संस्था काढली. तिथे मुलांसाठी नाट्यगृहसुद्धा बांधले.

अर्ल्सवुडमधला सर्वांत प्रसिद्ध रहिवासी जेम्स हेन्री पुलन. त्याला ऐकायला फारच कमी येई, बोलणे तुटक होते. पण हातात हत्यार आले की तो उस्ताद होई. संस्थेतले उत्तम लाकूडकाम त्याच्या हातचे असे. ‘ग्रेट ईस्टर्न’ या महाकाय आगबोटीची प्रतिकृती त्याने सात वर्षे खपून केली. पाहुणे मुद्दाम ती बघायला येत. आणि हाच पुलन आयुष्यभर संस्थेतच राहिला. १९१६ मध्ये तो तिथेच वारला, तेव्हा ऐंशीच्या पुढे होता. एकदा त्याने लग्न करून बाहेर पडायचा हट्ट धरला, तेव्हा चालकांनी त्याला ॲडमिरलचा झगमगीत गणवेश देऊन त्याची समजूत काढली, अशी हकीकत सांगितली जाते. इतका कसबी माणूस बाहेर चार पैसे मिळवून जगू शकला नसता का? पण संस्थेला त्याच्या हातांची गरज होती, आणि बाहेर त्याची वाट पाहणारे कोणी नव्हते. पाच वर्षांच्या कराराला पहिली भेग अशी पडली. जी मुले शिकली, ती संस्थेच्या उपयोगाची झाली. जी शिकू शकली नाहीत, त्यांना परत घ्यायला घर तयार नव्हते.

मोठ्या इमारतींचा काळ

अर्ल्सवुडसारख्या संस्था देणगीवर चालत आणि त्यांत थोड्यांनाच जागा मिळे. लंडनच्या वर्कहाउसमध्ये साठलेल्या गरिबांचे काय करायचे, हा प्रश्न राहिलाच. त्यासाठी १८७० मध्ये लंडनबाहेर केटरहॅम आणि लीव्ह्सडन इथे सरकारी आश्रयस्थाने उघडली. प्रत्येकी दीड हजारांवर माणसांची सोय. एकसारख्या लांबलचक इमारती, पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. शिकवण्याचा हेतू इथे जवळजवळ नव्हताच. कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त माणसे सांभाळायची होती.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. पुढच्या दहा वर्षांत शाळा सक्तीची झाली. शेतात, घरात, दुकानात कामाला लागलेले जे मूल कोणाच्या डोळ्यावर येत नव्हते, ते आता वर्गात बसू लागले आणि मागे पडू लागले. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात मास्तरांनी त्यांना वेगळे काढले. वेगळे काढलेल्यांची संख्या वाढली, तसे समाजात भय पसरले की ‘मंदबुद्धी’ माणसे वाढत चालली आहेत.

त्या भयाला शास्त्राचा मुलामा मिळाला. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८३ मध्ये ‘युजेनिक्स’, म्हणजे सुप्रजननशास्त्र, हे नाव रूढ केले. चांगल्या वंशाची वाढ करावी आणि निकृष्टांची रोखावी, असे ते सांगत होते. दारिद्र्य, गुन्हेगारी, दारू, वेश्याव्यवसाय या सगळ्यांच्या मुळाशी आनुवंशिक मंदबुद्धी आहे, असे सुशिक्षित माणसे मनापासून मानू लागली. मेरी डेंडी या मँचेस्टरच्या शिक्षणकार्यकर्तीने १९०२ मध्ये चेशरमधल्या सँडलब्रिज इथे एक वसाहत काढली. तिचा आग्रह स्पष्ट होता: या मुलांना आयुष्यभर वेगळे ठेवा, म्हणजे त्यांना मुले होणार नाहीत. डेंडी मुलांशी प्रेमाने वागत होती, त्यांना शिकवत होती. पण तिच्या योजनेत परतीला जागाच नव्हती.

१९१३चा कायदा

१९०४ ते १९०८ या काळात एका शाही आयोगाने या प्रश्नाचा अभ्यास केला. १९१२ मध्ये लंडनमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय युजेनिक्स परिषद भरली. तिच्या उपाध्यक्षांत विन्स्टन चर्चिल यांचेही नाव होते. आणि १९१३ मध्ये ‘मेंटल डेफिशियन्सी ॲक्ट’ मंजूर झाला.

या कायद्याने माणसांचे चार वर्ग पाडले: इडियट, इम्बेसाइल, फीबल-माइंडेड आणि मॉरल इम्बेसाइल. पहिल्या दोन वर्गांत ज्यांना उघडच आधार लागतो अशी माणसे होती. खरा घोळ पुढच्या दोन वर्गांत होता, कारण त्यांत कोणाला बसवायचे हे ठरवणाऱ्याच्या मर्जीवर होते. एक कलम तर असे होते की, सरकारी मदतीवर जगणारी अविवाहित स्त्री गरोदर राहिली किंवा बाळंत झाली आणि तिला मंदबुद्धी ठरवले, तर तेवढ्यावरून तिला संस्थेत पाठवता येई. अशा कितीतरी मुली विशीत आत गेल्या आणि म्हातारपणी सापडल्या. त्यांतल्या काहींना संस्थेत ठेवावे असे काही मुळातच नव्हते.

संसदेत जोसाया वेजवुड या खासदाराने या विधेयकाशी जिद्दीने झुंज दिली. दुरुस्त्यांमागून दुरुस्त्या मांडून तो विचारत राहिला की, गुन्हा केला नसताना, खटला चालवला नसताना माणसाला जन्मभर कोंडायचा अधिकार सरकारला कोणी दिला? अखेरच्या मतदानात त्याच्या बाजूने अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लोक उरले. त्याच्या विरोधात मत देणाऱ्यांत उदारमतवादी होते, समाजवादीही होते. हा कायदा दुष्टांनी केला नाही. आपण दुबळ्यांचे रक्षण करतो आहोत, असे मानणाऱ्या भल्या माणसांनी तो केला, म्हणूनच तो पुढे सेहेचाळीस वर्षे टिकला.

याच सुमारास, १९१२ मध्ये, हिंदुस्थानात ‘इंडियन लूनसी ॲक्ट’ लागू झाला. त्यात ‘लूनॅटिक’ची व्याख्याच अशी होती की, इडियट किंवा मनाची स्थिती बिघडलेली व्यक्ती. म्हणजे इंग्लंडने निदान कागदावर तरी जन्मजात अक्षमता आणि मनोविकार यांच्यात फरक केला होता. इथल्या राज्यकर्त्यांनी तोही केला नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलासाठी वसाहतीच्या कायद्यात वेड्यांच्या इस्पितळाशिवाय दुसरे दार नव्हते.

कॉलनीतले आयुष्य

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये या संस्थांना ‘कॉलनी’ म्हणू लागले. गावापासून दूर, मोठ्या जमिनीवर, ‘व्हिला’ नावाच्या अनेक घरांची वसाहत. शेत, गोठा, कार्यशाळा, धुलाईघर, प्रार्थनामंदिर, दफनभूमी सगळे आवाराच्या आत. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत घंटेवर दिवस चाले. कपडे समाईक असत, धुऊन आले की ज्याला जे बसेल ते. ज्यांना काम जमे, ते बिनपगारी किंवा किरकोळ पैशावर राबत. धुलाईघर बायका चालवत, शेत पुरुष बघत, आणि जास्त आधार लागणाऱ्यांना भरवणे-धुणे हे कामही अनेकदा दुसरे रहिवासीच करत. म्हणजे जी माणसे बाहेर जगायला लायक नाहीत असे कागदावर लिहिले होते, तीच आतला संसार चालवत होती. संस्था त्यांच्या श्रमावर उभी होती, म्हणून अशा माणसाला सोडणे संस्थेला परवडत नव्हते.

५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि या कॉलनी एका रात्रीत इस्पितळे झाल्या. रहिवासी रुग्ण झाले, सेवकांना परिचारकांचे गणवेश मिळाले, प्रमुखपदी डॉक्टर बसले. पण बौद्धिक अक्षमता हा औषधाने बरा होणारा आजार नाही. त्यामुळे इथला रुग्ण कधी ‘बरा’ होऊन घरी जाणार नव्हता. आरोग्य सेवेतल्या पैशाच्या वाटपात ही इस्पितळे शेवटच्या रांगेत उभी राहिली. खाटा इतक्या जवळजवळ आल्या की मध्ये एक कपाट ठेवायला जागा उरेना.

श्रीमंती आणि कुळ यांनीही कोणाला वाचवले नाही. १९४१ मध्ये नेरिसा आणि कॅथरिन बोझ-लायन या दोन बहिणी अर्ल्सवुडमध्ये दाखल झाल्या. त्या पुढे राणी झालेल्या एलिझाबेथच्या सख्ख्या मामेबहिणी होत्या. १९६३ मध्ये उमरावांच्या वंशावळीच्या प्रसिद्ध ग्रंथात त्या दोघी मरण पावल्याची नोंद छापली गेली. प्रत्यक्षात दोघीही जिवंत होत्या. नेरिसा १९८६ मध्ये वारली. पुढच्या वर्षी वर्तमानपत्रांनी ही हकीकत उघड केली, तेव्हा कॅथरिन अर्ल्सवुडमध्येच होती.

आईबाप, संशोधक आणि एक खटला

कराराची दुरुस्ती आयांनी सुरू केली. १९४४च्या शिक्षण कायद्याने सगळ्यांना माध्यमिक शिक्षण दिले, पण ‘शिकण्यास अपात्र’ असा शिक्का मारून काही मुलांना शिक्षणखात्यातून बाहेर काढायची मुभा ठेवली. आईबापांना तशी नोटीस येई. जूडी फ्रिड या आईच्या मुलीलाही शाळेने दार बंद केले होते. १९४६ मध्ये तिने एका बालसंगोपनाच्या मासिकात पत्र लिहून आपल्यासारख्या आयांना साद घातली. देशभरातून पत्रांचा ओघ लागला आणि त्यातून पालकांची संघटना उभी राहिली. तीच आजची ‘मेनकॅप’. मुलाला लपवून ठेवण्यात ज्यांचे आयुष्य गेले असते, ते आईबाप आता शाळा मागत होते, पाळणाघर मागत होते, थोडी विश्रांती मागत होते.

दुसरा धक्का कायद्याने दिला. नागरी स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या एका संघटनेने १९५१ मध्ये पुस्तिका काढून जाहीर केले की, पन्नास हजार माणसे न्यायाच्या कक्षेबाहेर कोंडलेली आहेत. १९५६ मध्ये एका बाईचा खटला उच्च न्यायालयात गेला. किशोरवयातच तिला ‘दुर्लक्षित अवस्थेत सापडलेली’ ठरवून कायमचे आत ठेवले होते. न्यायालयाने विचारले की, ती तर तेव्हा सरकारी देखभालीतच होती, मग दुर्लक्षित कशी? तिची सुटका झाली. तिच्यासारख्या हजारो आदेशांचा पाया त्या निकालाने हादरला, अनेकांची प्रकरणे पुन्हा तपासून त्यांना सोडावे लागले. शाही आयोगाच्या शिफारशीनंतर १९५९च्या मानसिक आरोग्य कायद्याने १९१३चा कायदा रद्द केला. आता बहुतेक माणसे कायद्याने मोकळी होती. पण जायला घर नव्हते, म्हणून ती तिथेच राहिली.

तिसरे काम जॅक टिझार्ड या मानसशास्त्रज्ञाने केले. १९५८ मध्ये त्याने लंडनच्या फाउंटन इस्पितळातली १६ मुले निवडली आणि सरेमधल्या ब्रुकलँड्स या घरात नेली. छोटे गट, तीच ती ओळखीची माणसे, खेळ, गोष्टी, बागेत हुंदडणे. तशाच १६ मुलांचा दुसरा गट इस्पितळातच राहिला. दोन वर्षांनी दोन्ही गट तपासले, तेव्हा ब्रुकलँड्सची मुले बोलण्याच्या बाबतीत कितीतरी पुढे गेली होती. रडणे, भेदरणे कमी झाले होते. मुलांची बुद्धी जन्मतः जी होती ती होती. पण तिच्यावर संस्थेने चढवलेले ओझे उतरवता येते, हे त्या प्रयोगाने आकड्यांत दाखवले. अखेर १९७० च्या कायद्याने, १ एप्रिल १९७१ पासून, ‘शिकण्यास अपात्र’ हा शिक्काच बंद झाला. इंग्लंडमधले प्रत्येक मूल शाळेच्या हक्काचे झाले.

ईलीचा अहवाल

तरी सामान्य माणसाला इस्पितळाच्या भिंतीआड काय चालते ते ठाऊक नव्हते. ते बाहेर आणले आत काम करणाऱ्याने. वेल्समधल्या कार्डिफ शहरात ईली इस्पितळ होते. १८६२ मध्ये गरिबांच्या मुलांची शाळा म्हणून बांधलेली ती इमारत. तिथल्या मायकेल पँटेलाइड्स या साहाय्यक परिचारकाने जे पाहिले ते लिहून काढले आणि ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’कडे दिले. २० ऑगस्ट १९६७ रोजी बातमी छापून आली. मारहाण, हेळसांड, रुग्णांच्या वाटचे अन्न आणि वस्तू पळवणे, आणि तक्रार करणाऱ्याला गप्प बसवणे, असे आरोप होते.

चौकशी जेफ्री हाउ या वकिलाकडे आली. हाच पुढे थॅचर यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाला. हाउने आरोप एकेक करून तपासले आणि त्यांतले पुष्कळसे खरे निघाले. पण त्याचा अहवाल काही थोड्या क्रूर माणसांवर बोट ठेवून थांबला नाही. त्याने दाखवले की खोलीत माणसे फार, सेवक अपुरे, डॉक्टरांचे लक्ष नाही, व्यवस्थापन समिती वरवरची पाहणी करून जाणारी, आणि इस्पितळ जगापासून तुटलेले. अशा ठिकाणी चांगला माणूसही हळूहळू जुन्या, राकट सवयींना सरावतो. जो सरावत नाही त्याला निघून जावे लागते.

अहवाल दडपला जाण्याची शक्यता होती. फक्त सारांश छापावा, असा दबाव होता. हाउ पूर्ण अहवालासाठी अडून बसला आणि आरोग्याचे खाते सांभाळणारे मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी मार्च १९६९ मध्ये तो जसाच्या तसा प्रसिद्ध केला. लगेच इस्पितळांची पाहणी करणारी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. १९७१ मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढली आणि वीस वर्षांत इस्पितळातल्या खाटा जवळपास निम्म्यावर आणण्याचे, त्याऐवजी गावात-शहरात घरे उभारण्याचे धोरण जाहीर केले. पण ईली एकटे नव्हते. पुढच्या दहा वर्षांत चौकशीमागून चौकशी झाली. १९७८ मधल्या एका अहवालात नॉर्मन्सफील्डचे नाव होते. डाउन दांपत्याने नाट्यगृह बांधून उभे केलेले ते घर १९५१ मध्ये आरोग्य सेवेकडे आले होते, आणि १९७६ मध्ये तिथल्या परिचारकांनाच वरिष्ठांच्या कारभाराविरुद्ध संप करावा लागला होता. उत्तम हेतूने सुरू झालेली संस्था आपोआप उत्तम राहत नाही, याचा याहून ठळक पुरावा नाही.

जोई आणि त्याचे मित्र

१८७० मध्ये उघडलेले केटरहॅमचे आश्रयस्थान पुढे सेंट लॉरेन्स इस्पितळ झाले. १९२८ मध्ये तिथे आठ वर्षांचा जोई डीकन आला. त्याला सेरेब्रल पाल्सी होती. हातपाय साथ देत नव्हते आणि त्याचे बोलणे कोणालाच कळत नव्हते. कळत नाही म्हणून त्याला बुद्धीही नाही, असे सगळ्यांनी गृहीत धरले. कित्येक वर्षांनी अर्नी रॉबर्ट्स नावाचा दुसरा रहिवासी त्याचा मित्र झाला आणि त्याला जोईचा शब्द न् शब्द समजू लागला. जोईने आपले आत्मचरित्र लिहायचे ठरवले. तो एकेक वाक्य बोले, अर्नी ते स्पष्ट करून सांगे, मायकेल सँगस्टर ते हाताने लिहून घेई आणि टॉम ब्लॅकबर्न टंकयंत्रावर उतरवी. अर्नीला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते. चौदा महिने चार मित्र असे खपले. १९७४ मध्ये ‘टंग टाइड’ हे पुस्तक आले आणि चाळीसहून अधिक वर्षे कोणी न ऐकलेला माणूस किती नेमका विचार करतो, ते साऱ्या देशाने वाचले.

त्याच इस्पितळात मेबल कूपर ही मुलगी १९५७ ते १९७७ अशी वीस वर्षे होती. बाहेर आल्यावर ती अक्षमता असलेल्या माणसांनीच चालवलेल्या चळवळीत पुढे आली, लंडनच्या ‘पीपल फर्स्ट’ या संघटनेची अध्यक्ष झाली, शाळांत जाऊन मुलांना आपली कहाणी सांगू लागली. २०१० मध्ये ओपन युनिव्हर्सिटीने तिला मानद पदवी दिली. ज्यांच्याविषयी शंभर वर्षे आयोग बोलले, डॉक्टर बोलले, खासदार बोलले, ती माणसे आता स्वतः बोलत होती.

दारे उघडल्यावर

मग एकेक इस्पितळ बंद होत गेले. वेल्सने १९८३ मध्ये सर्वांत आधी संपूर्ण प्रदेशासाठी योजना आखली. माणसांनी साध्या गल्लीतल्या साध्या घरात राहावे, त्यासाठी लागेल तेवढा आधार द्यावा. ईली १९९६ मध्ये बंद झाले, अर्ल्सवुड १९९७ मध्ये, आणि अशा प्रकारचे शेवटचे मोठे इस्पितळ २००९ मध्ये. आयुष्यात पहिल्यांदाच काही माणसांनी स्वतःच्या खोलीची किल्ली हातात घेतली, सकाळी काय खायचे ते स्वतः ठरवले.

इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. ३१ मे २०११ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ने ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी इस्पितळातले चित्रण दाखवले. २४ खाटांची ती छोटीशी आधुनिक इमारत. आत सेवक रहिवाशांना मारत होते, जमिनीवर दाबून ठेवत होते, हिणवत होते. तिथल्याच एका परिचारकाने आधी तक्रार केली होती, पण वरिष्ठांनी आणि देखरेख करणाऱ्या यंत्रणेनेही तिची वेळेवर दखल घेतली नाही. अकरा जणांवर गुन्हा शाबीत झाला. पण त्या माणसांना तिथे कशासाठी, किती दिवसांसाठी ठेवले आहे, हा प्रश्न पाठवणाऱ्या खात्यांनी विचारलाच नव्हता. २०१४ पर्यंत अशा सगळ्यांना घरी आणू, हे सरकारचे वचन पुरे झाले नाही. आजही इंग्लंडमध्ये सुमारे दोन हजार बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेली माणसे मानसोपचार इस्पितळांत आहेत. इमारत लहान झाली, रंग नवा लागला, तरी परतीची तारीख नसेल तर आत तेच घडते.

आपल्याकडे

महाराष्ट्रात या कामाची सुरुवात स्वतंत्रपणे आणि आईबापांच्या कळकळीतून झाली. १९४१ मध्ये मुंबईत मानखुर्दला चिल्ड्रन्स एड सोसायटीने अशा मुलांसाठी गृह काढले. १९४४ मध्ये वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने मुंबईत शाळा सुरू केली. ‘जय वकील’ म्हणून ती आज सर्वांना माहीत आहे. पुण्यात १९६४ मध्ये सिंधुताई जोशी यांनी ‘कामायनी’ उभी केली. या दोन शाळांत मूल सकाळी येई आणि संध्याकाळी घरी जाई. इंग्लंडला जे कळायला शंभर वर्षे लागली, ते इथल्या काही लोकांनी गरजेपोटी आणि मायेपोटी पहिल्यापासूनच केले. कायदा मात्र मागेच राहिला. १९१२च्या कायद्याची जागा घेणारा १९८७चा कायदा १९९३ मध्ये अमलात आला, तेव्हा कुठे बौद्धिक अक्षमता मनोविकाराच्या व्याख्येतून वगळली गेली.

पण ज्यांना घर नव्हते, त्यांच्या बाबतीत आपणही त्याच चुका केल्या. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी गृहातल्या काही मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. मासिक पाळीतली स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण दिले गेले. स्त्री संघटना आणि अपंगांसाठी काम करणारे रस्त्यावर उतरले, तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या मुलींना कोणी विचारले नव्हते. पाळीच्या चार दिवसांत त्यांना आधार द्यायला पुरेशा बायका नेमणे, हा उपाय उपलब्ध होता. तो महाग वाटला. २०११ मध्ये पनवेलजवळ कळंबोलीच्या एका गृहातल्या मुलींवरचे अत्याचार उघडकीला आले, तेव्हाही भिंतीआडचा आवाज बाहेर यायला फार वेळ लागला होता.

आता आपल्या हाती चांगला कायदा आहे. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने पालकांनंतरच्या कायदेशीर पालकत्वाची सोय केली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने समाजात राहण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिला. तरी घरोघरचे म्हातारे आईबाप रात्री एकच प्रश्न विचारतात: आमच्या पश्चात याचे काय? या प्रश्नाला आपल्याकडे अजूनही बहुधा एकच उत्तर मिळते, एखादे वसतिगृह शोधा आणि कायमचे ठेवा. काही वसतिगृहे फार चांगली आहेत, त्यांतले सेवक जीव लावून काम करतात. पण रीड चांगले होते, डाउन चांगला होता, डेंडीही मनाने वाईट नव्हती. संस्थेचे भले-बुरे तिच्या संस्थापकाच्या मनावर ठरत नाही, असे इंग्लंडची दीडशे वर्षे सांगतात.

म्हणून अशा संस्थेला देणगी देताना, तिथे कोणाला दाखल करताना, किंवा सरकार म्हणून तिला मान्यता देताना साधे प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षभरात इथून किती जण घरी किंवा स्वतःच्या छोट्या घरात राहायला गेले? इथल्या माणसाला काही सांगायचे असेल तर ते ऐकायला संस्थेबाहेरचे कोण येते, आणि किती वेळा? तक्रार करणाऱ्या सेवकाची नोकरी टिकते का? आणि त्याच्या जोडीला आपल्या वस्तीत चार माणसांचे एक भाड्याचे घर, दिवसा कामाची जागा आणि थकलेल्या आईला आठवड्याची सुट्टी देणारी सोय उभी राहिली पाहिजे. त्यासाठी सरकारने पैसा द्यावा, गृहनिर्माण सोसायट्यांनी दार उघडावे आणि शेजाऱ्यांनी त्या घराला आपले शेजारी मानावे. ही माणसे आपल्यात राहू शकतात, हे सिद्ध झालेले आहे. त्यांना आपल्यात ठेवायचे की नाही, एवढेच आपल्याला ठरवायचे आहे.